शहराचे मानचिन्ह मोडीत काढण्याआधी : नगरपालिकांना खुले पत्र

शहराचे मानचिन्ह आणि ध्वज बदलण्याचे ठराव करणाऱ्या सर्व नगरपालिका, महापालिका आणि त्यांनी नेमलेल्या समित्यांच्या सन्माननीय सदस्यांस,

स.न.वि.वि.

मी धातूवर चिन्हे कोरतो. दस्तऐवजावर उठावाचा शिक्का उमटवणारे पितळी ठसे, इमारतींवर लावायची पदके, महापौरांच्या गळ्यातल्या साखळीचे पदक अशी कामे माझ्याकडे येतात. अलीकडे एका शहराच्या कार्यालयातून एकाच पाकिटात दोन कागद आले. एकात नव्या लोगोचा ठसा तयार करण्याची मागणी होती आणि दुसऱ्यात जुन्या मानचिन्हाचा ठसा मोडीत जमा करण्याची सूचना. सोबत ठरावाची प्रत जोडली होती. जुने मानचिन्ह ‘कालबाह्य, गुंतागुंतीचे आणि आजच्या पिढीशी न जुळणारे’ असल्याने रद्द करण्यात येत आहे, एवढेच त्यात कारण होते. त्या शहराचे नाव मी इथे घेत नाही, कारण जवळजवळ याच शब्दांतले ठराव मी आणखी ठिकाणीही पाहिले आहेत. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना लिहीत आहे, आणि ज्यांना न विचारता हे ठराव होतात त्या नागरिकांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

रद्द झाले ते काय होते, ते आधी सांगतो. लाल भूमीची ढाल. तिच्यावर तीन कमानींचा रुपेरी पूल. पुलाखाली निळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्या, म्हणजे नदी. मधल्या कमानीच्या वर सोनेरी किल्ली आणि ढालीच्या माथ्यावर बुरुजांचा मुकुट. ध्वजावर हेच रंग, आडव्या पट्ट्यांत. त्याच्या जागी आलेला लोगो म्हणजे निळ्याकडून हिरव्याकडे विरत जाणारा एक वळसा. खाली शहराचे नाव आणि त्याखाली घोषवाक्य. वळशाचा अर्थ सोबतच्या टिपणात दिला होता : गती, नावीन्य, समावेशकता. ते टिपण मी लक्ष देऊन वाचले. शहराचे नाव खोडून तिथे दुसऱ्या कुठल्याही शहराचे नाव घातले असते तरी त्यातला एकही शब्द बदलावा लागला नसता. नदी गेली, पूल गेला, किल्लीही गेली, आणि हे सगळे तिथे का होते याचा ठरावात साधा उल्लेखही नाही.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ‘कालबाह्य आणि गुंतागुंतीचे’ या कारणाबद्दलच आहे. मानचिन्हाची जी परंपरा युरोपात बाराव्या शतकापासून वाढली आणि पुढे जगभरच्या शहरांनी घेतली, तिच्यात खरे मानचिन्ह म्हणजे चित्र नव्हे. खरे मानचिन्ह म्हणजे त्याचे शब्दांतले वर्णन. त्याला ब्लेझन म्हणतात. ‘लाल भूमीवर तीन कमानींचा रुपेरी पूल, खाली नदी, वर सोनेरी किल्ली’ एवढे वर्णन ठरलेले असते. पुलाच्या कमानी किती उंच, किल्लीचे दात कसे, ढालीचा आकार टोकदार की गोलसर, हे ज्या त्या काळातल्या कलाकारावर सोडलेले असते. दोन कलाकारांनी काढलेली एकाच शहराची दोन मानचिन्हे वेगळी दिसू शकतात, आणि वर्णनाला धरून असतील तर दोन्ही तितकीच खरी असतात. म्हणजे तुम्हाला जे चित्र जुनाट वाटते ते एका विशिष्ट काळातल्या एका कलाकाराचे चित्र आहे. ते पुन्हा काढून घ्यायला कोणाचीच ना नव्हती. रेषा कमी करा, सावल्या काढून टाका, मोबाईलच्या पडद्यावर ओळखू येईल इतके सोपे करा. नूतनीकरणाची ही सोय परंपरेतच आहे, आणि तुम्ही तिच्याकडे न पाहता सगळेच फेकून दिले.

ओस्लो शहराचे उदाहरण घ्या. त्याच्या मानचिन्हात संत हालवार्ड आहे. हातात जात्याची तळी आणि बाण, पायाशी एक स्त्री. चोरीचा आळ आलेल्या स्त्रीला वाचवताना तो मारला गेला अशी कथा आहे. २०१९ मध्ये ओस्लोने आपली सगळी दृश्य ओळख नव्याने करून घेतली. फलक बदलले, कागदपत्रे बदलली, रंग बदलले. हालवार्ड मात्र राहिला, अगदी मोजक्या रेषांत. वॉर्सॉची जलपरी तर याहून पुढची गोष्ट सांगते. त्या शहराच्या सर्वांत जुन्या मुद्रांवर माणूस आणि ड्रॅगन यांचे मिश्रण असलेला प्राणी होता. शतकामागून शतके चित्रकार तो काढत गेले आणि त्यातून आजची तलवार-ढाल उगारलेली जलपरी झाली. हा बदल कुणी एका दुपारी ठराव करून केला नाही. एका पिढीच्या हातातून दुसरीच्या हातात जाताना तो होत गेला. ॲमस्टरडॅमच्या लाल ढालीवरच्या काळ्या पट्ट्यात तीन तिरप्या फुल्या आहेत. महापालिकेचा आजचा लोगो त्याच तीन फुल्यांचा आहे. त्याहून साधे, त्याहून आधुनिक चिन्ह लोगो करून देणाऱ्या एखाद्या संस्थेने वर्षभर बसून काढले असते का, याची मला शंका आहे.

दुसरी तक्रार माझ्या धंद्यातली आहे, आणि तिच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण समितीत एखादा कोरणारा, छापणारा किंवा रंगारी असता तर ती करावीच लागली नसती.

मानचिन्हाचे रंग ठरवण्याचा एक जुना नियम आहे. सोनेरी आणि रुपेरी हे ‘धातू’, म्हणजे व्यवहारात पिवळा आणि पांढरा. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग ठेवायचा नाही. लालवर सोनेरी चालते, लालवर निळे टाळतात. यामागे साधी गरज आहे : दुरून, धुळीत, पावसात, हलत्या कापडावरही चिन्ह ओळखू यावे. तुमचा हिरवट-निळा वळसा पांढऱ्या कागदावर आणि उजळ पडद्यावर छान दिसतो. तोच आकाशासमोर फडकणाऱ्या निळसर ध्वजावर लावला की पन्नास पावलांवरून दिसत नाही.

जुना ठसा मी भिंगाखाली धरला तेव्हा दिसले ते असे. ढालीच्या भूमीवर एकमेकींना खेटून उभ्या बारीक रेषा आहेत. नदीच्या निळ्या पट्ट्यांत आडव्या रेषा आहेत. किल्लीवर टिंबे आहेत. पूल कोरा ठेवला आहे. पितळेला रंग नसतो आणि उठावाच्या शिक्क्याला शाई नसते, म्हणून कोरणाऱ्यांनी रंग रेषांत सांगण्याची पद्धत बसवली. सिल्वेस्त्रो दा पिएत्रासांता या जेझुइट विद्वानाच्या १६३८ च्या ग्रंथामुळे ती सर्वत्र रूढ झाली. उभ्या रेषा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, तिरप्या म्हणजे हिरवा, टिंबे म्हणजे सोनेरी, कोरे म्हणजे रुपेरी. त्या ठशातल्या डाव्या कमानीची कड झिजून गुळगुळीत झाली आहे, कारण दाब देणारा हात बहुतेक त्याच बाजूला कलत असावा. जन्ममृत्यूचे दाखले, मिळकतीचे उतारे, ठरावांच्या प्रती, सगळ्यांवर दाबला गेलेला हा ठसा आहे. तरीही त्यातली किल्लीवरची टिंबे आजही बोटाला लागतात.

नव्या लोगोचाही एक नमुना मी कोरून पाहिला, कारण न करता बोलणे मला पटत नाही. एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी छटा कोरता येत नाही. तिला कड नसते, आणि कोरणी कडेवरच चालते. छटा सोडून दिली की कागदावर उमटतो तो नुसता अर्धवट वळसा. झेरॉक्समध्ये तो करडा डाग होतो. शहराचे चिन्ह कागदावर दाबता येत नसेल, दगडात खोदता येत नसेल, सुईने कापडावर भरता येत नसेल आणि एखाद्या मुलाला आठवणीने खडूने काढता येत नसेल, तर ते चिन्ह काही ठराविक पडद्यांपुरतेच उरते. जुना ठसा मी मोडीत दिलेला नाही. तो त्या शहराच्या अभिलेखागारात जायला हवा, असे मी कार्यालयाला लेखी कळवले आहे.

तिसरी तक्रार अर्थाची. तुमच्या टिपणांत ‘सकारात्मकता’ हा शब्द वारंवार येतो. शहरांची जी चिन्हे लोकांनी जिवापाड जपली ती मात्र सगळी आनंदाची नाहीत. शिकागोच्या ध्वजाचे पाहा. पांढऱ्या कापडावर दोन फिक्या निळ्या पट्ट्या, म्हणजे सरोवर, नदीच्या शाखा आणि कालवा. मध्ये सहा टोकांचे लाल तारे. १९१७ मध्ये ध्वज स्वीकारला तेव्हा दोन तारे होते. तिसरा १९३३ मध्ये आला, चौथा १९३९ मध्ये. त्या चार ताऱ्यांपैकी एक तारा १८७१ च्या महाआगीचा आहे. शहर बेचिराख झाल्याची खूण त्यांनी ध्वजावर ठेवली आणि आज शिकागोचे लोक तो ध्वज टोपीवर, दारावर, अंगावर गोंदवून मिरवतात. डेट्रॉइट १८०५ मध्ये जळाले. त्याच्या मुद्रेवरचे लॅटिन वाक्य सांगते की आम्ही चांगल्याची आशा धरतो, ते राखेतून उठेल. पॅरिसच्या ढालीवर जहाज आहे. ते सेन नदीवर माल वाहणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मुद्रेतून आले आणि त्याखालचे लॅटिन वाक्य, ‘ते हेलकावे खाते पण बुडत नाही’, १८५३ मध्ये अधिकृत झाले. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये त्या शहरावर हल्ले झाले तेव्हा लोकांनी भिंतींवर हेच वाक्य रंगवले. कुठल्याही संस्थेला त्या दिवशी असे घोषवाक्य सुचवता आले नसते. ते आधीपासून तिथे होते, दीडशेहून अधिक वर्षे, लागेल तेव्हा हाताशी यावे म्हणून.

ॲमस्टरडॅमच्या तीन फुल्यांचा अर्थ आग, पूर आणि प्लेग असा अनेक लोक सांगतात. इतिहासात त्याला आधार सापडत नाही. तरी लोक सांगतात, कारण शहराला चिन्हात स्वतःला वाचायचे असते. १९४७ मध्ये राणी विल्हेल्मिना यांनी युद्धकाळातल्या नागरिकांच्या वागण्याबद्दल त्या मानचिन्हाला तीन शब्दांचे ब्रीद दिले : शूर, निश्चयी, दयाळू. जुन्या ढालीखाली नव्या काळाची नोंद अशी बसते.

आणि कोलकात्याचा तो पक्षी. १८९६ च्या सुमारास त्या शहराला मिळालेल्या मानचिन्हात ढालीच्या दोन्ही बाजूंना चोचीत साप धरलेले हरगिला होते. हरगिला म्हणजे माणसाच्या खांद्याएवढा उंच करकोचा. एके काळी तो शहरातला कचरा आणि मेलेली जनावरे खाऊन रस्ते साफ ठेवी आणि छपरांवर ओळीने उभा दिसे. आता तो त्या शहरातून नाहीसा झाला आहे. जुन्या चिन्हात तो नसता, तर असा पक्षी इथे घराघरावर बसत होता हे किती जणांच्या लक्षात राहिले असते? मुकुट आणि राजसत्तेच्या खुणा स्वातंत्र्यानंतर काढणे मी समजू शकतो. पण एखादे चिन्ह काढताना त्यात आणखी काय बसले आहे हे पाहण्याची जबाबदारी ते काढणाऱ्याचीच असते.

मुकुटाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. एका बैठकीत ‘मुकुट म्हणजे राजेशाही, तो लोकशाहीत शोभत नाही’ असे कारण पुढे आले. शहरांच्या ढालीवरचा बुरुजांचा मुकुट राजाचा नसतो. तो तटबंदीचा असतो, म्हणजे नगराच्या स्वायत्ततेची खूण. पोर्तुगालमध्ये त्याचे बुरूज मोजून ते शहर आहे की त्याहून लहान नगर हे कळते : शहराला पाच, नगराला चार. प्रजासत्ताक फ्रान्सच्या राजधानीच्या ढालीवरही असाच तटाचा मुकुट आहे. इतके विचारायला एखाद्या जाणकाराला एक फोन पुरला असता.

ध्वजाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात मुद्दा साधाच आहे. ध्वजावर अक्षरे लिहू नयेत. वाऱ्यावर ती वाचता येत नाहीत आणि कापडाच्या मागच्या बाजूने उलटी दिसतात. उत्तर अमेरिकेतल्या ध्वज-अभ्यासकांच्या संघटनेने पाच नियम मांडले आहेत : ध्वज साधा असावा, त्यातली प्रतीके अर्थपूर्ण असावीत, मूळ रंग दोन-तीनच असावेत, अक्षरे वा मुद्रा नसावी, आणि तो इतरांहून वेगळा असावा किंवा नाते सांगण्यापुरताच सारखा असावा. याच संघटनेने २००४ मध्ये अमेरिकेतल्या दीडशे शहरांच्या ध्वजांचे सर्वेक्षण केले, तेव्हा आयडाहोतल्या पोकाटेलोचा ध्वज शेवटच्या क्रमांकावर आला. तो ध्वज म्हणजे पांढऱ्या कापडावर छापलेला एक लोगो होता, ‘पोकाटेलोचा अभिमान’ अशा अर्थाचे घोषवाक्य असलेला. शहराने पुढे रीतसर नवा ध्वज तयार करून २०१७ मध्ये स्वीकारला. तुम्ही ज्या दिशेने निघाला आहात तिथे ते शहर आधी पोचले होते आणि तिथून परत फिरले.

कोणताही बदल नको, असे माझे म्हणणे आहे असा अर्थ कृपया काढू नका. काही चिन्हे बदलायलाच हवीत. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हाइट्सबरो या खेड्याच्या मुद्रेवर एक गोरा वसाहतवाला मूळनिवासी माणसाला कुस्तीत पाडताना दाखवला होता, आणि बघणाऱ्याला तो त्याचा गळा आवळतो आहे असेच वाटे. २०१६ मध्ये गावाने मतदान घेतले. १५७ विरुद्ध ५५ मतांनी मुद्रा कायम राहिली. तरी वाद थांबला नाही आणि पुढच्या वर्षी चित्र दुरुस्त झाले. मला त्या मतदानाचा निकाल पटलेला नव्हता. पण बदलाचे कारण सगळ्यांसमोर बोलले गेले, कोणाला कशाने जखम होते हे ऐकले गेले, आणि मग गरजेपुरताच हात लावला गेला. न्यूयॉर्क शहराच्या मुद्रेवर पूर्वी १६६४ हे वर्ष होते, इंग्रजांनी शहर घेतल्याचे. १९७० च्या दशकात ते १६२५ केले गेले, म्हणजे डच वसाहतीची आठवण आत आली. बीव्हर, पिठाची पिंपे, पवनचक्कीची पाती जागच्या जागी राहिली. तुमच्या ठरावात मात्र कोणाला काय खटकते याबद्दल एक अक्षर नाही. पुलाने कोणाचा अपमान केला? नदीने कोणाला वगळले?

शेवटची तक्रार पद्धतीची आणि मालकीची. नव्या चिन्हाचे कंत्राट देताना नागरिकांकडून हरकती-सूचना मागवल्या नाहीत. तीन नमुन्यांतून एक निवडला, आणि ते तीन नमुने कोणीच पाहिले नाहीत. मला पाठवलेल्या फाईलसोबत वापराच्या अटी होत्या : रंग बदलू नये, प्रमाण बदलू नये, परवानगीशिवाय पुन्हा रेखाटू नये. शाळेतल्या मुलीने स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर आपल्या शहराचे चिन्ह काढले तर तिने कोणाची परवानगी घ्यायची? वर्णनावर आधारलेले मानचिन्ह प्रत्येकाला आपल्या हाताने काढता येते. शहराच्या नावाने त्याचा गैरवापर होऊ नये म्हणून कायदा जरूर असावा, पण चिन्हाच्या रेषांवर एखाद्या बाहेरच्या संस्थेचा ताबा राहणे मला मान्य नाही.

टोकियोने काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९८९ मध्ये त्या महानगराने जिंको झाडाच्या हिरव्या पानासारखे नवे प्रतीक घेतले, आणि ते आज बसगाड्यांवर, फलकांवर सगळीकडे दिसते. पण १८८९ चे जुने अधिकृत चिन्ह, किरणे फेकणारा सूर्य, त्यांनी रद्द केले नाही. दैनंदिन वापराला एक आणि शहराच्या अधिकृत मुद्रेला दुसरे, अशी दोन्ही नांदतात. तुम्हाला जाहिरातीसाठी लोगो हवा असेल तर तो घ्या. त्यासाठी मानचिन्हाचा बळी द्यायचे कारण नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

मानचिन्ह किंवा ध्वज रद्द करणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी, त्यावर जाहीर सुनावणी होईपर्यंत थांबवावी.

शहराच्या सध्याच्या मानचिन्हाचे अधिकृत शब्दवर्णन दप्तरातून शोधून प्रसिद्ध करावे. ते नसेल तर इतिहासाचे अभ्यासक आणि कलाकार यांच्याकडून लिहून घ्यावे, आणि प्रत्येक घटकाचा अर्थ त्यासोबत नोंदवावा. जिथे अर्थ माहीत नाही तिथे तसे स्पष्ट लिहावे.

चित्र जुने वाटत असेल तर आधी त्याच वर्णनावरून नवे रेखाटन मागवावे, खुल्या स्पर्धेतून. परीक्षकांत एक कोरणारा, एक छपाई करणारा आणि एक शिंपी असावा. प्रत्येक नमुना एका रंगात, नखाएवढ्या आकारात आणि उंच खांबावर फडकवून तपासावा.

घटकच बदलायचा असेल तर कोणता, का आणि कोणाच्या तक्रारीवरून, हे लेखी मांडून नागरिकांना मत देण्याची संधी द्यावी.

चिन्हाचे सर्व हक्क शहराकडे असावेत, आणि शाळा, कलाकार व नागरिक यांना बिगरव्यापारी वापराची मोकळीक असावी.

जुने ठसे, ध्वज, कोरीव फलक आणि रंगवलेल्या पाट्या भंगारात न काढता अभिलेखागारात किंवा संग्रहालयात जमा कराव्यात. इमारतींच्या दगडात कोरलेल्या मानचिन्हांवर नव्या पाट्या ठोकू नयेत. एका जिन्याच्या माथ्यावर मी ते पाहिले आहे : ॲक्रिलिकची पाटी बसवताना चार स्क्रू थेट दगडी ढालीत मारले होते, त्यातला एक पुलाच्या मधल्या कमानीतून आरपार गेला होता. ती पाटी काढून दगडाची दुरुस्ती शहराच्या खर्चाने करावी.

जुन्या वर्णनावरून एका रंगातले नवे रेखाटन आणि त्याचा ठसा मी कोणत्याही शहराला विनामूल्य करून द्यायला तयार आहे. या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः नको. ते सर्वसाधारण सभेत द्यावे आणि इतिवृत्तात नोंदवावे, म्हणजे ते सगळ्यांना वाचता येईल.

कळावे,

आपला विश्वासू,
धातूवर चिन्हे कोरणारा एक कारागीर